चंद्राच्या ध्रुवावरची गर्दी

बाबा,

तुम्ही गेल्यानंतर चंद्राभोवती गर्दी झाली आणि मला त्या गर्दीची भीती वाटते. एवढं एक वाक्य लिहायला सकाळपासून बसले आहे. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होत आली. तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते, आणि मुलगी काय करते असं कुणी विचारलं की तुम्ही सांगायचात, "आकाशातल्या गाड्या कुठं आहेत ते बघते." काम अजून तेच आहे. पण तेव्हाच्या गाड्या पृथ्वीभोवती फिरायच्या, आता त्या चंद्रापाशी पोचल्यात. आईला एकटीला इंद्रपुरीच्या घरात ठेवणं शक्य राहिलं नाही म्हणून मी ऑफिसची परवानगी काढून भोपाळला आले. तुमच्या खोलीत, पिपलानीकडच्या खिडकीला लागून टेबल लावलंय, आणि आपल्या देशाचं एक यान चंद्राभोवती कुठल्या वाटेनं फिरतंय याचं गणित मी इथून करते. दर दोन-तीन महिन्यांनी दक्षिणेतल्या आमच्या केंद्रात जाऊन येते. बाकी सगळं फोनवर आणि स्क्रीनवर.

गेल्या वर्षी मला एका समितीवर घेतलं. चंद्राच्या आसपासच्या अवकाशात आपण कसं वागायचं, याचं राष्ट्रीय धोरण लिहायचं होतं. तिथं जायचं कसं हे आता पुष्कळांना कळलंय. तिथं गेल्यावर वागायचं कसं, हे कुणी ठरवलेलं नाही. वाट बदलायची तर कुणाला सांगायचं, यान बंद पडलं तर त्याचं काय करायचं, कुणाचं काही दुसऱ्याच्या अंगावर चाललं असेल तर फोन कुणी कुणाला करायचा, असल्या गोष्टी. तुम्हाला हसू येईल. तुमच्या टर्बाइनच्या कारखान्यात हे सगळं पहिल्या दिवशी शिकवायचे. पण तिथं फाटक नाही, पहारेकरी नाही. आणि एक गोष्ट मला सगळ्यात जास्त घाबरवते. पृथ्वीच्या जवळ थोडी तरी हवा असते, ती मेलेल्या यानाला हळूहळू खाली ओढते आणि जाळून टाकते. चंद्रापाशी हवा नाही. तिथं झाडू मारणारं कुणी नाही. जे सुटलं ते फिरत राहतं, आणि चंद्राचं ओढणं कुठं जास्त, कुठं कमी, इतकं ओबडधोबड आहे की काही महिन्यांनी ते कुठं असेल हे नीट सांगता येत नाही.

त्यात पुन्हा सगळ्यांना ध्रुव हवेत, कारण दक्षिण ध्रुवाच्या सावलीत बर्फ आहे. म्हणून बहुतेक यानं ध्रुवावरून जाणाऱ्या वाटा धरतात. वाटा वेगवेगळ्या असल्या तरी ध्रुवावर येऊन एकमेकींना छेदतात. संत्र्याच्या फोडी देठापाशी येतात ना, तशा. बाकी चंद्र मोकळा, आणि त्या दोन जागी चेंगराचेंगरी.

मागच्या हिवाळ्यातली दुपार सांगते. आई स्वयंपाकघरात पाटावर बसून मटार सोलत होती आणि मी तिच्याजवळ खुर्चीवर बसून जेवत होते. केंद्रातल्या माझ्या सहकाऱ्याचा फोन आला. परदेशात यानांचे रेडिओ संदेश ऐकणाऱ्या एका गटानं कळवलं होतं की दुसऱ्या एका देशातल्या कंपनीच्या छोट्या यानानं आपली वाट बदलली आहे. त्यांनी ते कुणालाही सांगितलं नव्हतं. आकडे खरे असतील तर आमचं यान आणि ते यान त्याच दुपारी दक्षिण ध्रुवावर जवळजवळ एका वेळी पोचणार होती. मी ताट तसंच सोडून टेबलाशी गेले. गणित केलं, पुन्हा केलं. दोघांमधलं अंतर निघत होतं, पण त्या अंतरात जी चूक असू शकत होती ती अंतरापेक्षा मोठी होती. म्हणजे ती यानं एकमेकांच्या शेजारून जातील किंवा एकमेकांत घुसतील, आणि दोन्ही गोष्टी सारख्याच खऱ्या होत्या.

आम्ही त्या कंपनीला फोन लावला. रेकॉर्ड केलेला आवाज म्हणाला, सणाची सुट्टी आहे, निरोप ठेवा. निरोप ठेवला. ईमेल पाठवले. त्यांच्या देशाच्या अवकाश खात्यात लावला तर तिथल्या बाई फार नम्रपणे म्हणाल्या, खाजगी कंपनी आहे, आम्ही कळवतो. आमचं यान बाजूला घ्यावं का यावर केंद्रात बोलणं झालं. पण ते आणखी वाट बदलणार आहेत की नाही हेच माहीत नव्हतं. अरुंद दारात समोरासमोर आलेली दोन माणसं जशी एकाच बाजूला सरकतात, तसं झालं तर आम्हीच टक्कर घडवून आणू. काहीच करू नका असं ठरलं. ठरवणाऱ्यांत मीही होते. मग यान चंद्राच्या पलीकडे गेलं आणि संदेश बंद झाले.

मी परत स्वयंपाकघरात आले, कारण टेबलाशी बसून करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं काय झालं. मी तिला सोपं करून सांगितलं. तिचे हात थांबले.

"त्यांना कळवलंस का?" ती म्हणाली.

"फोन उचलत नाहीत."

ती उठली, भिंतीला धरत धरत गेली आणि खिडकी लावून घेतली. बाबा, चंद्र केवढ्या लांब आहे, आणि माझ्या आईनं इंद्रपुरीतली खिडकी लावून घेतली. मला हसू यायला हवं होतं. मी उठून दुसरी खिडकी लावली. मग आम्ही दोघी मटार सोलत बसलो, आणि मी सालं टोपलीत नि दाणे सालांत टाकत होते हे आईनं मला नंतर सांगितलं.

यान पलीकडून बाहेर आलं. संदेश आले, सगळं धड होतं. फोनवर केंद्रातल्या खोलीतलं हसणं ऐकू आलं, कुणीतरी मिठाई मागवा म्हणालं.  आईनं भाजी फोडणीला टाकली आणि मला कांदा चिरायलाही दिला नाही.

त्या दिवशी मला तुम्ही आठवलात ते जुन्या शहराकडच्या त्या दुसऱ्या कारखान्यातून विषारी गॅस सुटला, त्या रात्रीनंतरच्या सकाळचे. मी आठ-नऊ वर्षांची असेन. वारा आपल्याकडे नव्हता म्हणून आपण वाचलो, यापलीकडे त्यात आपलं काही कर्तृत्व नव्हतं. सकाळी क्वार्टरांच्या रस्त्यावर माणसंच माणसं. जुन्या शहरातून चालत आलेली, ट्रकांतून आलेली, डोळे सुजलेली, शाळेच्या मैदानात आडवी झालेली. तुम्ही स्कूटर काढता, आई नको नको म्हणते, तुम्ही ओला टॉवेल तोंडाला बांधून निघून जाता. तुमच्या विभागातले एक फिटर स्टेशनजवळ राहायचे, आम्ही मुलं त्यांना फिटरचाचा म्हणायचो. तुम्ही त्यांना मागं बसवून घेऊन आलात. चाची गेल्या होत्या. घर सोडून दोघं पळाले होते, आणि ज्या दिशेला सगळे पळत होते त्याच दिशेला पळाले होते, आणि वाराही तिकडेच चालला होता.

आपल्या स्वयंपाकघरात चाचा जमिनीवर बसलेत. आईनं चहा पुढं ठेवलाय, त्यांना तो गिळता येत नाही. डोळे मिटलेलेच आहेत. ते ओरडत नाहीत, रडत नाहीत. फार हळू आवाजात तुम्हाला म्हणतात, "साहब, किधर भागना था, इतना ही कोई बता देता."

तुम्ही मोरीत गेलात आणि बराच वेळ नुसते तोंडावर पाणी मारत राहिलात. मी दाराशी उभी होते. तुम्ही वळलात तेव्हा तुमचा चेहरा मी पाहिला. तुम्ही रागावता हे मला माहीत होतं, थकता हे माहीत होतं. तुम्ही घाबरता हे मला त्या सकाळी कळलं. आईला तुम्ही म्हणालात, "ओला कपडा. नुसता ओला कपडा तोंडावर धरा आणि वाऱ्याला आडवे जा. एवढंच सांगायचं होतं गं." पुढं कितीतरी वर्षं तुम्ही नव्या कुठल्याही घरात गेलात की आधी वारा कुठून येतो ते बघायचात. पाहुण्यांना वाटायचं, हवा खेळती आहे का ते बघतायत.

तुमच्या कामातही तुम्ही बदललात म्हणे. हे मला चाचांनीच पुढं सांगितलं. टर्बाइनचा मोठा रोटर जाड भिंतींच्या बोगद्यात ठेवून नेहमीपेक्षा जास्त वेगानं फिरवून बघायचा, हे तुमचं काम. फिरताना तो फुटला तर भिंतीनं सोसायचं, माणसानं नाही, म्हणून बोगदा. आधी एकदा भोंगा वाजायचा. तुम्ही तो तीनदा वाजवायला लागलात, आणि प्रत्येक भोंग्यानंतर स्वतः चक्कर मारून यायचात. वरिष्ठ म्हणाले, उगाच वेळ जातो. तुम्ही म्हणालात, जाऊ दे. तुमच्याकडे त्याहून मोठं कारण नव्हतं आणि तुम्ही दुसरं कारण शोधलंही नाही.

कुटुंबांना कारखाना दाखवायच्या दिवशी तुम्ही मला तो बोगदा दाखवायला नेलंत. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. रोटर बंद होता, दार उघडं होतं, पुढं पिवळ्या रंगाची साखळी होती. तुम्ही कुणाशी बोलत होतात तेवढ्यात मी साखळीखालून वाकून आत गेले. आतून हाक मारली तर आवाज किती घुमतो ते बघायचं होतं. तुम्ही मला दंडाला धरून बाहेर काढलंत आणि सगळ्यांसमोर बोललात. मला फार लाज वाटली. मी म्हणाले, काही झालं तर नाही ना, बाबा.

"काही झालं नाही, ते तुझ्यामुळे नाही," तुम्ही म्हणालात. "ते नशिबानं केलं. नशिबाला कामावर ठेवायचं नसतं."

परतताना स्कूटरवर मी तुम्हाला धरून बसले नाही, मागच्या स्टेपनीला धरलं. तुम्ही गोविंदपुऱ्याच्या चौकात मात्र थांबून उसाचा रस पाजलात.

तर हिवाळ्यातल्या त्या दुपारचं पुढं काय झालं, तर काही नाही. आमच्या अहवालात तिचं एका ओळीत वर्णन आलं, दोन याने सुरक्षित अंतरावरून गेली. सुरक्षित हा शब्द वाचला आणि मला तुमची बोटं दंडावर जाणवली. समितीच्या मसुद्यात त्याच सुमारास एक वाक्य घोळत होतं. वाट बदलण्यापूर्वी इतर देशांना आणि कंपन्यांना यथासंभव कळवावे. दिल्लीच्या हिंदीतला तो शब्द, यथासंभव. म्हणजे जमलं तर. सणाची सुट्टी नसली तर.

शेवटची मोठी बैठक भोपाळला झाली, एका सरकारी सभागृहात. मंडीदीप आणि गोविंदपुऱ्यातले लोक आता यानांचे सुटे भाग बनवतात, त्यांचं म्हणणं ऐकायचं होतं. अध्यक्ष दिल्लीहून आले होते. सभ्य माणूस, ऐकून घेणारा. चहाच्या वेळी त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हिवाळ्यातला प्रकार इथं काढू नका, त्या देशाशी आपली बोलणी चालू आहेत. मी बरं म्हणाले. मला खरंच तो काढायचा नव्हता. सभेत बोलायचं म्हटलं की माझी जीभ अजूनही कोरडी पडते.

मंडीदीपची एक तरुण उद्योजिका उठली. चंद्रावर उतरणाऱ्या यानांसाठी झडपा बनवते. तिशीही उलटलेली नसेल. ती हसून मला म्हणाली, "मैडम, हम अभी पहुँचे भी नहीं, और आप लौटने के नियम बना रही हैं." सगळे हसले. तिचं चूक नव्हतं, बाबा. दुसरे देश स्वतःला बांधून घेत नसताना आपणच आधी का बांधून घ्यायचं, उद्या आमचं काम दुसऱ्यांकडे जाईल, हे ती म्हणत होती आणि तिच्या कारखान्यात माणसं कामाला आहेत. सगळे माझ्याकडे बघत होते. मी उभी राहिले.  आणि जे काढायचं नव्हतं तेच मी काढलं. देशाचं नाव घेतलं नाही, कंपनीचं घेतलं नाही. पण ती दुपार सांगितली, तो रेकॉर्ड केलेला आवाज सांगितला. पुढं काय बोलायचं ते सुचेना, तेव्हा तोंडातून फिटरचाचांचं वाक्य गेलं, ते जसं म्हणाले होते तसंच. किधर भागना था, इतना ही कोई बता देता.

सभागृह भोपाळचं होतं. कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा काढला. ती मुलगी उभीच होती. ती म्हणाली की कळवायला आमचं काही जात नाही, तिथला तो यथासंभव शब्द काढा. पण मेलेलं यान खाली कसं आणायचं, त्याला इंधन राखून ठेवायचं, हा नियम आत्ता नको, तो आम्हाला झेपणार नाही. त्यावर तासभर बोलणं झालं, आणि शेवटी तसंच ठरलं. वाट बदलण्यापूर्वी कळवणं बंधनकारक, चोवीस तास फोन उचलणारा माणूस बंधनकारक. मेलेल्या यानाची विल्हेवाट यथासंभव. निघताना अध्यक्ष माझ्याजवळ आले. रागावले असतील असं वाटलं होतं. म्हणाले, "आपने सबको डरा दिया." मी म्हटलं, सर, मी स्वतःच घाबरलेली होते. ते गाडीत बसले.

मी घरी आले तेव्हा मला खूप हलकं वाटत होतं. आईला म्हटलं, आज गोड काहीतरी करूया. मला वाटलं होतं की तुमचा भोंगा मी चंद्रापर्यंत नेला.

पुढच्याच महिन्यात ते छोटं यान गप्प झालं. तेच. त्याच्या बॅटरीनं दम तोडला की संगणक बिघडला, कुणास ठाऊक. कंपनीनं सगळ्यांचे आभार मानून मोहीम संपली असं जाहीर केलं. त्यांची संपली. ते मात्र अजून फिरतंय, बंद डोळ्यांनी, दर फेरीला त्याच ध्रुवावरून. आता त्याला विचारायला फोनच नाही. एवढीशी वस्तू इथल्या साध्या दुर्बिणीला दिसत नाही. परदेशातला एक मोठा रडार कधी मोकळा असेल तर बघून सांगतो, मग आम्हाला काही दिवस अंदाज असतो, मग अंदाज पातळ होत जातो, आणि माझ्या गणितातली चूक पुन्हा अंतरापेक्षा मोठी होते. आम्ही मुद्दाम आमची वाट जराशी वर नेली. पण पुढच्या काही वर्षांत त्या ध्रुवावर माणसं उतरायची आहेत, बाबा. दुसऱ्यांची आधी, मग आपली. आपली पोरं त्यासाठी शिकायला लागलीत, एकीला मी कक्षांचं गणित शिकवलंय. टक्कर झालीच तर तुकडे कुठं कुठं जातील याचं चित्र मी एकदा स्क्रीनवर काढून पाहिलं. परत काढलं नाही.

आईला मी हे सांगितलेलं नाही. ती विचारते, ते यान बरं आहे ना. मी सांगते, आपलं बरं आहे. ते खोटं नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, लिहून झालं की टेबलाच्या खणात जाईल. तुम्ही असतात तर समोर बसून बोलले असते आणि तुम्ही मधेच उठून वारा कुठून आहे ते बघून आला असतात. तुमच्यानंतर, ज्याच्यासमोर घाबरता येईल असं माणूस मला मिळालं नाही.

आणखी एक आहे, ते लिहून टाकते. चंद्राभोवती इतक्या खालून फिरणारी वस्तू कायम टिकत नाही. तिथली ओबडधोबड ओढ तिला कधीतरी जमिनीवर आपटते, आज किंवा दोन वर्षांनी. धोरणाच्या पहिल्या पानावर एक वाक्य आहे, ते माझं आहे, समितीनं त्यातला शब्दही बदलला नाही. चंद्र हा कुणाच्याही कचऱ्याची जागा समजला जाणार नाही. आणि रोज सकाळी आकडे उघडण्याआधी मी हात जोडून मनात म्हणते, पड बाई एकदाची. त्या बर्फावर पड, कुठंही पड, पण पड.